एकशेएकावं खातं

शिरूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी बऱ्याच वर्षांपूर्वी हिशेबाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता, सी भाषेत. केंद्रावर तेव्हा ऐंशीच्या आसपास उत्पादक दूध घालत. वाढून वाढून किती वाढतील, असा विचार करून मी शंभर जणांची सोय केली. प्रत्येकाच्या लिटरसाठी एक खण, असे शंभर खण, आणि त्यांना लागूनच पुढचा खण आजच्या दराचा. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. केंद्राचं नाव झालं, शेजारच्या वाड्यावस्त्यांवरून लोक कॅन घेऊन येऊ लागले आणि एका संध्याकाळी एकशेएकावं खातं उघडलं गेलं.

त्या नव्या उत्पादकाने साडेसहा लिटर दूध घातलं, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि तो निघून गेला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या मावशींनी मात्र आपली चिठ्ठी दिव्याखाली धरून नीट वाचली आणि विचारलं, "आरं मास्तर, दर साडेसा रुपयं झाला का काय आज?"

मी त्या वेळी तिथेच होतो. चिठ्ठीवर खरंच दर ६.५० छापला होता. काय झालं असेल ते कळायला मला पाच मिनिटं लागली आणि त्या पाच मिनिटांत रांग थांबून राहिली. प्रोग्रॅमने एकशेएकाव्या माणसाचं लिटर शंभर खणांच्या पुढच्या खणात लिहून टाकलं होतं आणि तो खण दराचा होता. साडेसहा लिटर हाच साडेसहा रुपये दर झाला. यंत्राने ना तक्रार केली, ना ते बंद पडलं. शंभर खण असताना एकशेएकाव्यात लिहू का, असं सी भाषा विचारत नाही. सांगितलेल्या पत्त्यावर ती लिहून मोकळी होते. तो पत्ता आपला की शेजाऱ्याचा, हे पाहायचं काम ती लिहिणाऱ्यावर सोडते.

याच चुकीने जगातही मोठे घोटाळे झाले आहेत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने सोडलेला, पुढे 'मॉरिस वर्म' म्हणून ओळखला गेलेला प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या हजारो यंत्रांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक वाट अशी होती: एका सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइट जागा राखली होती, वर्मने त्यापेक्षा लांब मजकूर पाठवला आणि उरलेला मजकूर शेजारच्या जागेत सांडला. सी भाषेतलं मजकूर वाचायचं जे फंक्शन लांबी न तपासता वाचत असे, ते २०११च्या प्रमाणकात भाषेतूनच काढून टाकावं लागलं. आमच्या केंद्रावर चिठ्ठीवरचा दर चुकला, तिथे यंत्रं परक्याच्या ताब्यात गेली. मूळ दोन्हीकडे एकच होतं, मोजून दिलेली जागा आणि मोजणीबाहेरचा पाहुणा.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलापुढे पहिल्या-दुसऱ्या महिन्यात हा प्रश्न येतो. बऱ्याच गोष्टी एकत्र ठेवायच्या आहेत. अ‍ॅरे घ्यायचा की लिस्ट? अ‍ॅरेची लांबी सुरुवातीलाच ठरते आणि पुढे बदलत नाही. लिस्ट लागेल तशी वाढते. मग लिस्टच का घेऊ नये, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळायला दोन्हींच्या पोटात काय असतं ते पाहावं लागतं.

अ‍ॅरे समजायला दौंड जंक्शनवर उभं राहावं. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी लाइन आणि मनमाडहून येणारी लाइन इथे एकत्र येतात. मनमाडची लाइन १८७८ची. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ, नव्या एलएचबी डब्यात ८०. दोन्हींत एका कप्प्यात आठ. पहिला खालचा, दुसरा मधला, तिसरा वरचा, समोर चौथा खालचा, पाचवा मधला, सहावा वरचा, आणि वाटेपलीकडे सातवा बाजूचा खालचा, आठवा बाजूचा वरचा. तिकिटावर ४५ आलं, तर सवयीचा प्रवासी डब्यात चढण्याआधीच सांगतो, पाच कप्पे सोडून सहाव्यात, मधला बर्थ. तो एकेक बर्थ मोजत जात नाही. ४५ला आठने भागलं की भागाकार पाच, बाकी पाच. झालं.

अ‍ॅरेतही हेच होतं. सगळे खण सारख्या मापाचे आणि एकमेकांना चिकटून असतात, म्हणून हवा तो खण मोजत न जाता गणिताने सापडतो. सुरुवातीचा पत्ता, अधिक खणाचा क्रमांक गुणिले एका खणाचं माप. एक गुणाकार आणि एक बेरीज. दुसरा खण असो की दहा लाखावा, वेळ तेवढाच.

याच डब्यात आणखी एक गोष्ट दिसते, जी मुलांना हमखास अडते. ४८ क्रमांकाचा बर्थ घ्या. आठने भागलं तर भागाकार सहा, बाकी शून्य. सहा कप्पे सोडून सातव्यात शिरलात तर चुकलात. ४८ हा सहाव्या कप्प्याचाच, बाजूचा वरचा. बाकी शून्य आली की नियमाला मुरड घालावी लागते. आता बर्थ एकऐवजी शून्यापासून मोजा. ४८चा झाला ४७. भागाकार पाच, बाकी सात. पाच कप्पे सोडा, त्याच्या पुढच्या कप्प्यात सात बर्थ सोडा आणि आठव्यावर बसा. मुरड नाही, अपवाद नाही. अ‍ॅरेतला पहिला खण शून्यावा का असतो, याचं मला सापडलेलं सर्वांत सोपं उत्तर हेच आहे. तो आकडा खणाचं नाव सांगत नाही, दारापासून किती खण सोडायचे ते सांगतो.

दौंडचं नाव निघालं की जुन्या प्रवाशांना इंजिन आठवतं. मनमाडकडून आलेल्या गाडीला पुण्याकडे वळायचं, तर तिचं तोंड उलट दिशेला. मग इंजिन पुढून काढून मागे जोडायचं. बाहेरून वळणारी दौंड कॉर्ड लाइन झाल्यापासून अनेक गाड्यांचा तो खोळंबा वाचला. पण त्या खोळंब्यात एक सुंदर गोष्ट घडत असे. अख्खी गाडी उलटी होई आणि एकाही प्रवाशाला जागचं हलावं लागत नसे, कारण फक्त वाचायची दिशा बदलत होती. यादी उलटी करायला सांगितली की शिकाऊ मुलं सगळे घटक नव्या यादीत उतरवून काढतात. बऱ्याचदा शेवटाकडून वाचायला सुरुवात केली की काम होतं.

आता प्रश्न असा की अ‍ॅरेला वाढता का येत नाही? शंभरचे एकशे दहा खण करायला काय हरकत आहे?

हरकत शेजाऱ्याची. संगणकाची मेमरी म्हणजे बांधाला बांध लागून पसरलेलं शिवार. तुम्हाला शंभर खणांचा पट्टा मिळाला, की त्याच्या पुढचा पट्टा लगेच दुसऱ्या कुणाच्या नावे होतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये पुढचा पट्टा दराचा होता. बांध कोरून पुढे सरकलात तर त्याचं पीक गेलं. रीतसर वाढायचं तर एकच मार्ग उरतो. दुसरीकडे मोठा सलग पट्टा मिळवायचा, सगळं बिऱ्हाड तिकडे हलवायचं आणि जुना पट्टा सोडून द्यायचा.

आणि लिस्ट आतून नेमकं हेच करते. वाढणारी लिस्ट ही काही वेगळी चीज नाही. तिच्या पोटात ठरलेल्या लांबीचा साधा अ‍ॅरेच असतो. तो भरला की ती गुपचूप मोठा अ‍ॅरे घेते, सगळं त्यात उतरवते आणि जुना टाकून देते. आपल्याला वाटतं ती वाढली. खरं तर तिने घर बदललेलं असतं.

किती मोठं घर घ्यायचं, यात सगळी खुबी आहे. किराणा दुकानाची उधारीची खातेवही डोळ्यांपुढे आणा. एका पानावर एक खातं, वही भरली की मोठी वही आणायची आणि सगळी खाती तिच्यात उतरवायची. समजा दुकानदार काटकसरी आहे आणि दर वेळी फक्त एक पान जास्त असलेली वही आणतो. एक हजार खाती होईपर्यंत त्याला किती वेळा खातं उतरवावं लागेल? आधी एक, मग दोन, मग तीन, असं करत नऊशे नव्याण्णवपर्यंतची बेरीज. ४,९९,५०० वेळा. त्याने दर वेळी दहा पानं वाढवली तरी ४९,५०० वेळा. आणि दर वेळी दुप्पट पानांची वही आणली तर? एक, दोन, चार, आठ, करत ५१२पर्यंत. सगळी मिळून १,०२३.

पहिल्यांदा ही बेरीज मी कागदावर केली तेव्हा चुकलो असेन असं वाटून पुन्हा केली. पाच लाखांवरून एक हजार. दुप्पट करायच्या युक्तीत एका खात्यामागे उतरवणं सरासरी दोनपेक्षा कमी वेळाच येतं, खाती हजार असोत की कोटी. वहीतली पानं कोरी राहतात, कधीकधी निम्मी. त्या कोऱ्या पानांच्या बदल्यात वेळ विकत घेतलेला असतो.

प्रत्येक भाषेने आपला वाढीचा दर वेगळा ठरवला आहे. जावाची अ‍ॅरेलिस्ट पहिला घटक आला की दहा खण घेते आणि भरले की दीडपट करते: १०, १५, २२, ३३, ४९, ७३, १०९. म्हणजे आमच्या केंद्राचा प्रोग्रॅम जावात असता तर एकशेएकावं खातं १०९ खणांच्या घरात निवांत मावलं असतं आणि आठ खण शिल्लक राहिले असते. सी शार्प चारापासून सुरू होऊन दुप्पट करते. सी प्लस प्लसच्या व्हेक्टरला किती वाढायचं हे प्रमाणकात ठरवून दिलेलं नाही, त्यामुळे जीसीसीबरोबर येणारा व्हेक्टर दुप्पट होतो आणि मायक्रोसॉफ्टचा दीडपट. पायथन हात आखडून, साधारण अष्टमांश जागा जादा घेतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बऱ्याच भाषांत लिस्ट वाढते तशी आपणहून आकसत नाही. रांजणगावच्या महागणपतीला भाद्रपदात दर्शनाच्या रांगेसाठी मांडव वाढवावा आणि उत्सव सरला तरी तो तसाच उभा राहावा, तसं तिचं होतं. जावाच्या अ‍ॅरेलिस्टमधले लाख घटक काढून टाकले तरी लाखाची जागा तिच्याच नावावर राहते. ती सोडायची तर तसं वेगळं सांगावं लागतं. उलट, किती येणार हे आधी ठाऊक असेल तर लिस्टलाही सुरुवातीलाच तेवढी जागा राखायला सांगता येतं. मग वाटेत एकदाही घर बदलावं लागत नाही. ही सोय जवळजवळ फुकट आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात, याची मला हळहळ वाटते.

मधेच कुणाला बसवायचं झालं तर अ‍ॅरे आणि लिस्ट दोघांचीही गत सारखीच. पुणे-दौंड शटलमध्ये संध्याकाळी तीन जणांच्या बाकावर चौथा येतो, तेव्हा "जरा सरकून घ्या" म्हणतो आणि तिघांनाही हलावं लागतं. यादीच्या अगदी सुरुवातीला नवा घटक घालायचा तर पुढचे सगळे एकेक खण सरकतात. हजार असतील तर हजार.

यावर उपाय म्हणून पुस्तकांत साखळी यादी शिकवतात. प्रत्येक घटक स्वतंत्र, त्याला फक्त पुढच्याचा पत्ता माहीत. मधे कुणी आला तर एक कडी सोडायची, दोन जोडायच्या, बाकी कुणी हलत नाही. कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही. बाजारातून एक टोमॅटो न आणता क्रेट आणावा तसा तो एकदम ६४ बाइटांचा तुकडा उचलतो. चार बाइटांचे आकडे सलग असतील तर एका फेरीत सोळा हाती येतात. साखळीचे घटक शिवारभर विखुरलेले असतात आणि प्रत्येकासाठी नवी फेरी पडू शकते. जावाची साखळी यादी लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच आपण स्वतः ती कधी वापरत नाही असं उघड सांगितलं आहे. हेच ब्लॉक जावाच्या प्रोग्रॅमरांना अ‍ॅरेपेक्षा लिस्टला पसंती द्या असंही सांगतात, आणि त्याचं कारण वेगाचं नाही. जावाचा अ‍ॅरे नको त्या प्रकारची वस्तू आत घालू पाहणारा मजकूर खुशाल कंपाइल होऊ देतो आणि चालताना मोडतो. लिस्ट तीच चूक कंपाइल करतानाच पकडते. चूक घरी सापडलेली बरी, केंद्रावर रांगेसमोर सापडण्यापेक्षा. हे मी अनुभवाने सांगतो.

जावात लिस्टची एक किंमतही आहे. अ‍ॅरेतला साधा पूर्णांक चार बाइट घेतो. तोच लिस्टमध्ये ठेवायचा तर त्याला स्वतंत्र डबीत घालावं लागतं. नेहमीच्या ६४ बिट यंत्रावर डबी सोळा बाइटांची आणि डबीचा पत्ता आणखी चार. चारच्या जागी वीस. शंभर खात्यांना याने काही फरक पडत नाही. कोटीभर नोंदींना पडतो.

गाडीकडे पुन्हा एकदा पाहू, कारण तिच्यात या दोन्हींचा मेळ आहे. एकेक डबा म्हणजे ठरलेल्या मापाचा अ‍ॅरे, आणि डबे जोडून झालेली गाडी म्हणजे वाढणारी यादी. सणासुदीला जादा डबा जोडतात तेव्हा आधीच्या एकाही प्रवाशाचा बर्थ बदलत नाही. पायथनमधली दोन्ही टोकांनी वाढणारी रांग, डेक, अशीच बांधलेली आहे. आत ६४-६४ जागांचे ठोकळे एकमेकांना जोडलेले असतात. जुन्या एसी थ्री टियर डब्यातही नेमके चौसष्टच बर्थ असत. हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात सांगितला की मुलं विसरत नाहीत.

इथपर्यंत वाचून वाटेल की लिस्टचं पारडं जड आहे. मोबाइलवर, ऑफिसच्या संगणकावर, मोठ्या सर्व्हरवर ते बहुतेक वेळा असतंच. पण शिरूर तालुक्यातच असं एक गाव आहे जिथे गेलं की पारडं फिरतं. ते गाव पाबळ. इतिहासाच्या वाचकांना ते मस्तानीच्या कबरीमुळे माहीत असतं. मला ते विज्ञान आश्रमामुळे माहीत आहे. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग या दुष्काळी भागात आले आणि १९८३ साली त्यांनी इथे हाताने काम करत शिकण्याची शाळा उभी केली. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. गावातल्या गरजेचं उपकरण गावातच बनवायचं, ही त्यामागची दृष्टी.

अशा ठिकाणी प्रोग्रॅम चालतो तो नखाएवढ्या चिपवर. आर्डुइनो उनो हा शिकणाऱ्यांचा आवडता बोर्ड घ्या. त्याच्या नेहमीच्या आवृत्तीतल्या चिपला चालू कामासाठी मिळणारी मेमरी आहे २ केबी, म्हणजे २,०४८ बाइट. या लेखातला एक मोठा परिच्छेदही तिच्यात मावणार नाही. समजा या बोर्डाने पॉलीहाऊसमधल्या मातीचा ओलावा दर दहा मिनिटांनी मोजायचा आहे. दिवसाचे १४४ आकडे, प्रत्येकी दोन बाइट. सुरुवातीलाच १४४चा अ‍ॅरे घेतला तर २८८ बाइट लागतात. विषय संपला.

तिथे दुप्पट होणारी लिस्ट वापरून पाहा. १२८ आकडे भरले, एकशे एकोणतिसावा आला. आता २५६ची जागा हवी, म्हणजे ५१२ बाइट. पण उतरवून होईपर्यंत जुने २५६ बाइट सोडता येत नाहीत. त्या घटकेला ७६८ बाइट अडतात. आकडे जपत गेलात आणि ५१२वरून १,०२४वर जायची वेळ आली तर जुने १,०२४ आणि नवे २,०४८ मिळून ३,०७२ बाइट हवेत. चिपमध्ये तेवढी जागाच नाही. यंत्र शेतात, वीज येते-जाते आणि पाहायला कुणी नाही. अशा वेळी प्रोग्रॅम चौथ्या दिवशी मोडतो आणि का मोडला ते कळत नाही.

त्यातही जास्त फसवा प्रकार तुकड्यांचा. मेमरीतून जागा घेतल्या, सोडल्या, पुन्हा घेतल्या, की मोकळी जागा विखरून जाते. एकूण मोजली तर पुरेशी, पण सलग कुठेच नाही. जमिनीबाबत ही अडचण आपल्याला चांगलीच परिचयाची आहे. वाटण्या होत होत शेताचे इतके बारीक तुकडे पडले की कसणं परवडेना, म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला आणि तुकडे जोडायचा खटाटोप सुरू झाला. मोठ्या संगणकावर जावासारख्या भाषा अधूनमधून मेमरीचं असं एकत्रीकरण स्वतः करतात. दोन केबीच्या चिपवर ते करायला कुणी नसतं. म्हणून तिथले जाणते लोक तुकडे पडूच देत नाहीत. लागेल ती जागा सुरुवातीलाच ठरवून घेतात आणि मग हलवत नाहीत.

पण ओलाव्याचे आकडे तर रोज येत राहणार, मग १४४चा अ‍ॅरे पुरेल कसा? याचं उत्तर आपल्या विहिरींवर कैक पिढ्या फिरत होतं. रहाटगाडगं. चाकावर गाडगी मोजकीच. खालून भरून येणारं गाडगं वर रितं होतं आणि पुन्हा खाली जातं. गाडगी वाढत नाहीत, पाणी थांबत नाही. अ‍ॅरेत तसंच करायचं. १४४व्या खणानंतरचा आकडा परत पहिल्या खणात, कालच्या त्याच वेळच्या आकड्याच्या जागी. क्रमांकाला १४४ने भागून बाकी घ्यायची, तोच खण. कुठल्याही क्षणी पाहाल तर गेल्या चोवीस तासांचा ओलावा हाताशी. इंग्रजीतल्या नावापेक्षा रहाट हा शब्द मला जास्त नेमका वाटतो.

तर मग निवडायचं कसं? वेग हा पहिला प्रश्न नाही, असं माझं मत झालं आहे. पहिला प्रश्न असा की जी संख्या मी लिहितो आहे ती आली कुठून. पिनकोडचे अंक सहा: शिरूरचा ४१२२१०, दौंडचा ४१३८०१. हे सहा टपाल खात्याने ठरवले आहेत, उद्या सकाळी सात होणार नाहीत. आठवड्याचे वार सात, बुद्धिबळाची घरं चौसष्ट, स्लीपर डब्याचे बर्थ बहात्तर किंवा ऐंशी. या संख्यांमागे नियम आहे, रचना आहे. तिथे अ‍ॅरे शोभतो आणि वाचणाऱ्यालाही सांगतो की हे बदलणारं नाही. गाळप हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाच्या किती गाड्या लागतील, आवक वाढली की बाजार समितीत किती शेतकऱ्यांचा कांदा येईल, या संख्या पावसावर, भावावर आणि माणसांवर अवलंबून आहेत. तिथे लिस्टच हवी. आणि पाबळच्या चिपसारखी तिसरी गोष्ट असते. आकडे किती येतील हे हातात नसतं, पण जागा किती आहे हे पक्कं असतं. तिथे अ‍ॅरेच घ्यायचा आणि भरल्यावर काय करायचं ते आधी लिहून ठेवायचं. सर्वांत जुनं टाकायचं, की नव्याला नको म्हणायचं? एका ओळीची तपासणी पुरते. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये तेवढी एक ओळ असती तर एकशेएकाव्या माणसाला "जागा नाही" असं तरी दिसलं असतं, आणि मावशींचा दर शाबूत राहिला असता.

माझा शंभर हा आकडा कुठून आला होता? कुठूनच नाही. तो गोल होता आणि ऐंशीपेक्षा मोठा होता, एवढंच. एका गावात किती घरी गाय असेल, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं.

त्या रात्री उत्पादकांची यादी मी वाढती केली. शंभराची मर्यादा गेली. मात्र प्रत्येक उत्पादकाच्या खात्यातला एक अ‍ॅरे मी विचार करून तसाच ठेवला. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. रोज सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळा, म्हणून दहा दिवसांचे वीस खण. ही संख्या पक्की, व्यवहाराने ठरवलेली, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी केंद्रचालकांना ते उत्साहाने समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. पहिला पगार एक ते दहाचा, दुसरा अकरा ते वीसचा, आणि तिसरा एकवीस ते महिनाअखेर. फेब्रुवारीत तो आठ दिवसांचा, लीप वर्षी नऊ, आणि एकतीसच्या महिन्यात अकरा दिवसांचा.

मी तिथेच बसून वीसचे बावीस केले.